वहीत लिहिलं म्हणून कळलं

आपल्या गटाच्या वहीत दर महिन्याला नावं वाचली जातात, बचत जमा होते आणि पुढे सही किंवा अंगठा होतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत अशीच हजेरी घेताना एक नाव वाचलं गेलं आणि सगळ्या गप्प झाल्या. वाचणारीच्या सवयीनं ते नाव आलं होतं. ज्या बाईचं ते नाव, ती आठवड्यापूर्वीच गेली होती. तिची बचत हिशोब करून घरच्यांना दिली, पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या बैठकीत बसून आहे. ती वाचली असती का?

काय झालं ते आधी सांगतो. भातकापणीचे दिवस होते. संध्याकाळी खळ्यावर भारे लावताना एका भाऱ्याखाली तिच्या बोटाला काहीतरी डसलं. पाहिलं तर विंचू, लहानसा, तांबूस रंगाचा. घरच्यांनी तिला शेजारच्या वाडीवर विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं मंत्र म्हटला, पाला चोळला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "उतरलं गं, आता दुखत नाही." सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग तिला दोनदा उलटी झाली. घाम इतका आला की लुगडं भिजलं. हातपाय गार पडले. कुणी म्हणालं, विष बाहेर पडतंय, पडू द्या. मध्यरात्री तिला आडवं होता येईना, छाती घरघरायला लागली. गाडी मिळाली तेव्हा पहाट झाली होती. तालुक्याच्या वाटेवरच ती गेली.

चूक कुणाची हे ठरवायला आम्ही आज बोलत नाही. त्या खळ्यावर आमच्यातल्या चौघी होत्या. आम्हालाही ठाऊक नव्हतं. पण नंतर आशाताईंना विचारलं, दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारलं, कॉलेजात जाणाऱ्या मुलींकडून वाचून घेतलं, तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती फार लागली. आमच्या बाईला जे झालं त्यावरची गोळी चाळीस वर्षांपूर्वीच सापडलेली होती. लांब कुठे परदेशात नाही, आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात. त्या गोळीचा आणि तिच्या मागच्या वहीचा इतिहास आज सांगायचा आहे.

विंचू आपल्याला नवा नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणतो. नाथांचं विंचवाचं भारूड आपल्या गावच्या सप्ताहात दरवर्षी होतं. त्यातला विंचू म्हणजे काम आणि क्रोध, हे कीर्तनकारबुवा समजावून सांगतात. पण नाथांनी मनातल्या विषासाठी विंचूच निवडला, कारण त्याची कळ काय असते हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जांभ्या दगडाच्या फटी, कौलं, पेंढ्याची उडवी, लाकडांची रास, गोवऱ्यांचा ढीग अशा ठिकाणी विंचू राहतो. आणि पेंढा, लाकडं, गोवऱ्या कोण उचलतं? आपणच.

आपल्याकडे दोन प्रकारचे विंचू जास्त दिसतात. एक मोठा, काळा, दिसायलाच भयंकर. दुसरा लहान, तांबूस-लाल. काळा चावला की बाई ओरडते, रात्रभर विव्हळते आणि सकाळी बरी होते. लाल विंचू जीव घेऊ शकतो. शिवाय लाल विंचवाचं विष ज्यांच्या अंगभर पसरतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चावल्या जागी फार दुखत नाही. दुखणं कमी म्हणजे धोका कमी, असं आपण धरून चालतो. इथे ते खरं नसतं. आमची बाई "उतरलं" म्हणाली तेव्हा विष आत कामाला लागलं होतं.

आता वहीकडे येतो. डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातले. १९७६च्या सुमारास ते सरकारी डॉक्टर म्हणून महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तिथे विंचू चावलेली माणसं यायची, त्यात लहान मुलं पुष्कळ. चांगली धडधाकट माणसं काही तासांत तोंडाला फेस येऊन जायची. गंभीर झालेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांपर्यंत दगावत, म्हणजे दहातले चार. डॉक्टरी पुस्तकांत यावर उपयोगी पडेल असं फारसं काही नव्हतं. दुखण्याची, सुजेची, ॲलर्जीची इंजेक्शनं दिली जात, पण त्यांनी मरणं थांबत नव्हती.

बावस्करांनी काय केलं, तर ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि लिहीत राहिले. किती वाजता चावला, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कधी लागला. एकाचं लिहिलं, दुसऱ्याचं लिहिलं, असं करत पुष्कळ रुग्णांचं लिहून झालं. मग त्या नोंदींतून एक क्रम दिसायला लागला. आधी उलटी, भरपूर घाम, गार हातपाय, रक्तदाब वाढलेला. त्यानंतर काही तासांत हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे मरण अचानक येत नव्हतं. ते आधी निरोप पाठवत होतं आणि आपण त्या निरोपाला "विष बाहेर पडतंय" म्हणत होतो. धोक्याच्या या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

विष आत काय करतं, हे आम्हाला सिस्टरांनी शेतातल्या मोटारीवरून समजावलं. आपण घाबरलो की अंगात एक रस सुटतो, छाती धडधडते, घाम फुटतो. लाल विंचवाच्या विषानं तो रस बेसुमार सुटतो. त्यानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मोटार चालू आहे आणि पुढे कुणी पाइप दाबून धरला आहे, असं समजा. मोटारीवर ताण येतो, ती तापते आणि शेवटी दमते. हृदयाचं तसंच होतं. पुढे रक्त जात नाही म्हणून हातपाय गार पडतात आणि मागे तुंबल्यामुळे फुप्फुसांत पाणी येतं. मग माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

हे कळल्यावर उपाय कुठे शोधायचा तेही कळलं. आवळलेला पाइप सैल करायचा. रक्तदाबासाठी एक गोळी तेव्हा वापरात होती, तिचं नाव प्राझोसिन. ती रक्तवाहिन्या सैल करते. डॉक्टर बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांनी ती विंचवाच्या रुग्णांना वेळेवर देऊन पाहिली आणि पुन्हा सगळं लिहून ठेवलं. त्याचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला आणि त्यावर दोघांचीही नावं आहेत. पुढे ही गोळी वापरात आली तशी गंभीर रुग्णांमधली मरणं ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आली. स्वस्त गोळी, लहान दवाखान्यातही ठेवता येणारी. आपल्या कोकणातल्या वहीतून निघालेला हा उपाय विंचवाचा त्रास असलेल्या इतर देशांतल्या डॉक्टरांनीही वाचला.

ते तिथेच थांबले नाहीत, हेही सांगायला हवं. विंचवाच्या विषावरची लसही पुढे मिळू लागली. मग गोळीच पुरे की गोळीबरोबर लस द्यावी, असा प्रश्न आला. अंदाजानं उत्तर देण्यापेक्षा त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. ३५ जणांना गोळी आणि लस दोन्ही दिलं, ३५ जणांना फक्त गोळी. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही मिळालेल्यांतले ३२ जण पूर्ण बरे होते. फक्त गोळी मिळालेल्यांतले तोवर ८ जण पूर्ण बरे झाले होते, बाकीच्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागला. हा अभ्यास २०११च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता कुणी म्हणेल, मग आमच्या आजीचा विंचू मंत्रानं कसा उतरला? आमच्याही आज्यांचे उतरले आहेत. पण मोजून पाहा. दहा जणांना विंचू चावला, त्यातल्या बहुतेकांना काळा चावला किंवा विष थोडंच गेलं, तर ते कशानंही बरे होणारच. त्यांचं श्रेय मंत्राला मिळतं. जो वाचला नाही त्याचं "आयुष्य तेवढंच होतं". असा एकतर्फी हिशोब आपण गटाच्या वहीत चालवून घेऊ का? जमा तेवढी लिहायची आणि नावे लिहायचंच नाही, असा हिशोब कुठल्याही सचिवबाईला मान्य होणार नाही. विंचू उतरवणारा माणूस वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. आमच्या इकडचा तो म्हातारा बाबा बाईच्या तेराव्याला येऊन ओसरीवर बसून रडला. त्याच्याकडेही जमेचीच बाजू होती, दुसरी कुणी लिहिलीच नव्हती.

सापाच्या बाबतीत हीच गोष्ट सगळ्या देशाच्या पातळीवर झाली. इंग्रजांच्या काळात जोसेफ फेरर नावाच्या डॉक्टरानं भारतातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १८७२ साली निघाला. त्यासाठी त्यानं गोळा केलेल्या आकड्यांत १८६९ या एका वर्षात ११ हजारांहून अधिक माणसं सापानं मेल्याची नोंद होती आणि ती सगळ्या मुलखाची नव्हती. तेव्हा सरकारला सुचलेला उपाय म्हणजे साप मारून आणणाऱ्याला बक्षीस. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर असं बक्षीस होतं. लोकांनी लाखांच्या घरात फुरशी मारून आणली, बक्षिसं नेली. फुरशी मात्र आजही आपल्या कातळावर आहेत. साप मारून माणसं वाचली नाहीत. माणसं वाचली ती लसीनं. १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये अशी लस तयार झाली आणि नंतर मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत आपल्याकडच्या सापांची लस बनू लागली. घोड्याला विष थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं, त्यापासून ही लस बनते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून ती एकच लस चालते.

लस आली, पण ती किती गावांना लागते हे कुणाला ठाऊक होतं? दवाखान्यात जी माणसं मरतात तेवढीच सरकारी कागदावर येत. त्या हिशोबानं देशभरात वर्षाला हजार-दोन हजार मृत्यू दिसायचे. मग २००१ ते २००३ या वर्षांतल्या मृत्यूंचा एक फार मोठा अभ्यास झाला. त्यात दवाखान्याचे कागद पाहत बसले नाहीत. प्रशिक्षण दिलेली माणसं घरोघर गेली. ज्या घरात मृत्यू झाला तिथल्या आईला, बायकोला, सुनेला विचारलं की शेवटच्या दिवसांत काय काय झालं, आणि ते त्यांच्याच भाषेत लिहून घेतलं. नंतर दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळं वाचून कारण ठरवलं. अशा सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूंच्या कहाण्या जमा झाल्या.

त्यातून काय निघालं ते २०११ साली प्रसिद्ध झालं. देशात सापानं वर्षाला हजार-दोन हजार नाही, सुमारे ४६ हजार माणसं मरत होती. त्यातली ९७ टक्के खेड्यांतली होती आणि दर चारांतले तीन जण दवाखान्याबाहेरच गेले होते. सगळ्यात जास्त मृत्यू जून ते सप्टेंबर, म्हणजे लावणी-बेणणीच्या दिवसांत. पुढे २०२० साली याच पद्धतीचा आणखी मोठा हिशोब आला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत १२ लाख माणसं सापानं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार.

बायांनो, हे आकडे कुणाच्या तोंडून आले ते लक्षात घ्या. ओसरीवर बसून आपल्यासारख्याच बायकांनी सांगितलं, "संध्याकाळी गवताला गेला होता, पायाला डसलं, डोळे मिटायला लागले." ते लिहिलं गेलं म्हणून देशाला कळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आपल्या केंद्र सरकारनं मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३०पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, प्रत्येक सर्पदंशाची नोंद कळवणं बंधनकारक करा, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी ना लस पुरवली जाते, ना डॉक्टर, ना गाडी.

आमच्या बाईची नोंद कुठे झाली? कुठेच नाही. दवाखान्यात पोचण्याआधी मृत्यू, एवढंच. "आता देहाची विटंबना नको" म्हणून घरच्यांनी शवविच्छेदनाला नकार दिला. त्या वेळी आम्हालाही तेच बरोबर वाटलं. आपल्या राज्यात शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५, विंचू किंवा साप चावून दगावला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. तिच्या नवऱ्याच्या नावावर जमीन आहे. पण विंचू चावला होता हे सांगणारा एकही कागद नव्हता. दोन मुलांच्या शिक्षणाला ते पैसे आले असते. आम्ही चौघींनी खळ्यावर डोळ्यांनी पाहिलं होतं, पण डोळ्यांची नोंद कुणी धरत नाही. ही गोष्ट आम्हाला अजून टोचते.

म्हणून आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. मोठ्या नाहीत, पण ठरवल्या.

पहिली गोष्ट वेळेची. विंचू किंवा साप चावला की कुणाकडे न्यायचं याची चर्चा करायची नाही. थेट दवाखाना. १०८ला फोन करायचा, गाडीला वेळ लागत असेल तर गावातली जी मिळेल ती गाडी. भाड्यासाठी आम्ही गटाच्या पैशांतून थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे. ती रात्री-अपरात्री कुणाच्या घरी मिळेल हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती उधार नाही, त्यावर व्याज नाही. ज्यांना मंत्रावाचून चैन पडत नाही त्यांना आम्ही सांगितलं, बाबांना गाडीत बरोबर घ्या, वाटेत म्हणू देत, पण गाडी थांबवू नका. बाबांनी स्वतःच हे कबूल केलं आहे.

दुसरी गोष्ट हातांची. चावल्यावर काय करू नये हे आम्ही पाठ केलं. दोरीनं करकचून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं विष ओढायचं नाही. हाताला चावलं तर बांगड्या आणि अंगठी, पायाला चावलं तर जोडवी आणि पैंजण लगेच काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. चावलेला हात-पाय फळी किंवा काठी लावून हलणार नाही असा ठेवायचा. माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही, तेवढ्यात दुसऱ्याला चावायचा. प्राझोसिनचं नाव आज ऐकलंत, पण ती गोळी घरात आणून ठेवायची नाही. किती द्यायची, कधी द्यायची हे डॉक्टर रक्तदाब पाहून ठरवतात. आपलं काम एकच, पोचवणं. आणि चावूच नये म्हणून पेंढा, लाकडं, गोवऱ्या उचलण्याआधी काठीनं हलवायच्या. लाकडांची रास घराच्या भिंतीला लावायची नाही. चपला आणि कपडे झटकून घालायचे. रात्री अंगणात जाताना बॅटरी हवीच. जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली नीट खोचायची.

तिसरी गोष्ट वहीची. बचतीच्या वहीमागे आम्ही काही पानं वेगळी केली आहेत. वाडीत कुणाला काही चावलं की तारीख, वेळ, जागा, काय काम करत होती, उलटी-घाम कधी सुरू झाला आणि दवाखान्यात किती वाजता पोचली, हे लिहायचं. आशाताईंना ते दाखवायचं. दवाखान्यातून निघताना केसपेपरवर विंचूदंश किंवा सर्पदंश असं लिहिलं आहे का, ते आपल्यातल्या वाचता येणाऱ्या बाईनं पाहायचं. आणि वाईट झालंच, तर पोलिसांना कळवायचं, शवविच्छेदनाला नाही म्हणायचं नाही आणि मदतीचा अर्ज लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा.

या पानांवर आजवर पाच नोंदी झाल्या आहेत. पाचवी गेल्या उन्हाळ्यातली. नववीतली एक मुलगी कौलं शाकारताना वडिलांना हाताखाली कौल देत होती, तेव्हा तिला लाल विंचू चावला. चावल्याची वेळ पावणेसहा. घाम सुटला सहा वाजून दहा मिनिटांनी. आजी म्हणाली, "पोरीला घाम आलाय, गाडी बोलवा." दवाखान्यात पोचली सात वाजता. तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि स्वतःची नोंद तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिली.

पहिल्या पानावर आम्ही त्या बाईची नोंद केली आहे. जेवढं आठवलं तेवढं, चौघींनी मिळून, वेळेसकट. शेवटच्या रकान्यात, दवाखान्यात पोचल्याची वेळ, तिथे रेघ आहे. तुमच्या गटाच्या वहीतही आज चार पानं वेगळी करा.